कॅसेटवरचं आठवं गाणं

दातवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण घरची माणसं सोडली तर दुसऱ्या नावाने त्याला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तो कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि तो एका अरुंद खोलीत, खिडकीशी लावलेल्या टेबलावर बसून त्या ठशांत प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरड्या चढवायचा, त्यात एकेक दात बसवायचा. चौतीस वर्षं हेच काम. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, तर हा आधी दात बघायचा आणि मग माणूस. बायको म्हणायची, लग्नाच्या वेळी यांनी माझ्याकडे नाही, माझ्या सुळ्यांकडे बघून होकार दिला. त्यावर तो नुसता मान हलवायचा, कारण ते बऱ्यापैकी खरं होतं.

या धंद्यात एक नियम आहे. तो त्याच्या उस्तादांनी त्याच्याकडून पहिल्याच महिन्यात घोटवून घेतला होता. नव्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवायचा, तर रंगांच्या नमुन्यांची पट्टी तोंडाजवळ न्यायची, खिडकीच्या उजेडात धरायची आणि पाच सेकंदांत ठरवून मोकळं व्हायचं. जास्त वेळ टक लावली की डोळा शिणतो, सगळे रंग सारखेच दिसायला लागतात. पहिल्या नजरेला जे दिसलं ते खरं. दातांच्या बाबतीत हा नियम शंभर टक्के बरोबर आहे. पण आमच्या या गृहस्थाने तो दातांपुरता ठेवला नाही, आणि इथेच सगळा घोळ झाला.

त्याच्या आयुष्यात दातांखेरीज आणखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ‘ओले मोजे’. हा एक रॉक बँड होता. बँड कसला, चार विक्षिप्त माणसांनी मांडलेला संसार होता तो. त्यांचा पहिला अल्बम रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावात उतरून ध्वनिमुद्रित केलेला, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. दुसऱ्या अल्बममध्ये गायक दुकानांच्या बंद दारांवरच्या पाट्या वाचून दाखवायचा, अगदी जीव तोडून. तिसऱ्यात ढोलवाला रुसून बसला, म्हणून संपूर्ण अल्बममध्ये ढोलच नाहीत. त्याच्या जागी मधूनमधून शांतता सोडलेली. असे सात अल्बम काढून ते गप्प झाले. मुलाखत कधी दिली नाही, वेष्टनावर कधी नावं छापली नाहीत. ज्यांना ते आवडायचे त्यांना वेड्यासारखे आवडायचे. बाकीच्यांना वाटायचं, रेकॉर्ड बिघडली आहे.

हे वेड त्याला लावलं ते त्याच्या ताईने. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ती हंगामी ऑपरेटर होती आणि तिथल्याच एका मैत्रिणीकडे ‘ओले मोजे’च्या रेकॉर्डी होत्या. दुकानात त्या मिळत नसत. ताई एकेक रेकॉर्ड दोन दिवसांच्या बोलीवर आणायची, कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि कॅसेट धाकट्या भावाच्या उशाशी ठेवून द्यायची. वर चिठ्ठी असायची, ‘बारक्या, हे ऐक आणि सांग.’

बारक्या ऐकायचा आणि सांगायचा. सांगायला तो फार लवकर शिकला. एकविसाव्या वर्षी त्याला उस्तादांचा नियम मिळाला आणि मग काय विचारता. गाणं सुरू झालं की अर्ध्या मिनिटात त्याचा निकाल तयार. पुढचं ऐकणं म्हणजे कान शिणवणं, असं तो चारचौघांत ऐटीत सांगायचा. शहरात ‘ओले मोजे’चे दहा-बारा चाहते होते. त्यांचं चार पानांचं, झेरॉक्स काढलेलं एक पत्रक निघायचं. त्याचं नाव ‘दोरी’. त्यात दातवाल्याने सातही अल्बमांची तुलना लिहिली, पहिल्यापासून सातव्या क्रमांकापर्यंत, कारणांसकट. तो लेख इतका गाजला की पुढे ‘दोरी’ बंद पडली तरी लोक त्याला विचारत, आता तुमचा क्रम काय? हा दरवर्षी वरच्या सहांची उलटापालट करायचा. सातवा मात्र कधी हलला नाही.

सातवा होता ‘ज्याला यायचं त्याने यावं’. या अल्बमसाठी बँडने म्हणे स्टुडिओचं दार उघडं ठेवलं होतं आणि जो आत येईल त्याला गायला लावलं होतं. एका गाण्यात एक म्हातारा, एकात दोन परिचारिका, एकात कुणी रंगारी. नावं नाहीत, गाण्यांची यादीसुद्धा नाही. दातवाल्याला तो अल्बम मुळातच बेताचा वाटला होता, पण त्याला शेवटी ढकललं ते शेवटच्या गाण्याने. एक बारीक, किनरा बाईचा आवाज, सोबत चाचपडत वाजवलेली गिटार. पहिली ओळ, ‘दार ओढून घ्या, मी आतच आहे.’ ‘दोरी’त त्याने लिहिलं होतं, ‘शेवटच्या गाण्यात बँडमधल्या कुणाच्या तरी घरच्या बाईची हौस भागवलेली दिसते. हौस घरीच भागवावी, तिच्यासाठी आमचे कान कशाला?’

हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की पत्रक निघायच्या आधी त्याने ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. बाबा हसले. ताईही हसली. म्हणाली, “जमलंय वाक्य.”

या गोष्टीला चौतीस वर्षं झाली.

आता चाहत्यांपैकी तिघेच उरले होते. दातवाला, चावीवाला आणि मास्तरीणबाई. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ते चावीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायचे. भिंतीवर खिळ्याखिळ्याला न कापलेल्या चाव्यांचे झुबके, एका कोपऱ्यात चावी कापायचं यंत्र आणि दुसऱ्या कोपऱ्यात देव्हाऱ्यासारखा जपलेला रेकॉर्ड प्लेअर. तिघे अल्बम वाजवायचे आणि क्रमावरून भांडायचे. मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण गुण द्यायची खोड गेली नव्हती. दहापैकी साडेसहा, दहापैकी पावणेआठ, असं चालायचं.

त्या रविवारी चावीवाल्याने मोठ्या थाटात एक रेकॉर्ड बाहेर काढली. ‘ज्याला यायचं त्याने यावं.’ अस्सल, पहिल्या छपाईची. एका गिऱ्हाइकाच्या कुलूपबंद कपाटात निघाली होती आणि गिऱ्हाईक म्हणालं, तुम्हीच ठेवा. दातवाल्याने नाक मुरडलं, पण बसला ऐकत. सात गाणी झाली. सुई आत सरकली आणि प्लेअरचा दांडा उचलला गेला.

“शेवटचं राहिलं,” दातवाला म्हणाला.

“हेच शेवटचं,” चावीवाला म्हणाला.

“अहो, ती बाई कुठे आहे? दार ओढून घ्या म्हणणारी?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या लेखात मी ते वाचलं होतं खरं. माझ्या कॅसेटमध्ये नव्हतं. मला वाटलं, माझीच टेप आधी संपली असेल.”

आता हे म्हणजे आमच्या परीक्षकाच्या अब्रूवरच आलं. तो तरातरा घरी गेला, माळ्यावरची पेटी उपसली, कॅसेट शोधून अर्ध्या तासात परत आला. चावीवाल्याने जुना टेपरेकॉर्डर पुसून लावला. सातवं गाणं संपलं, थोडी खरखर झाली, मग खट् असा आवाज आला आणि ती बाई गायला लागली. दातवाला विजयी मुद्रेने म्हणाला, “ऐका आता, काय भोग आहेत ते.”

पण कुणी हसलं नाही. चावीवाल्याने उठून पंखा बंद केला. मास्तरीणबाई डोळे मिटून बसल्या. गाणं एका बाईचं होतं, जी खोलीत बसली आहे आणि घरातले सगळे ती बाहेर गेली आहे असं समजून बोलत आहेत. ते तिच्याबद्दल वाईट काही बोलत नाहीत. मुळात तिच्याबद्दल काही बोलतच नाहीत. दुसऱ्या कडव्यात गिटार सावरली, तिसऱ्यात तर चांगलीच चालायला लागली. आवाज किनरा होता, पण एकदा कानाला सवय झाली की या गाण्याला दुसरा आवाज असावा असं वाटेना. गाणं संपलं. टेप चालूच होती. आणि मागे कुठेतरी, बंद दारापलीकडून, कुणीतरी शिंकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मग एक पुरुषी आवाज, तोही बारीक झालेला, म्हणाला, “झालं एकदाचं!”

दातवाल्याने टेप थांबवली. प्रत्येक तिसऱ्या शिंकेनंतर ‘झालं एकदाचं’ म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तो त्याचा बाप होता.

“दहापैकी नऊ,” मास्तरीणबाई डोळे उघडत म्हणाल्या. “एक गुण गिटारीचा कापला. बाकीची गाणी नुसती वाजतात हो, ही बाई आपल्याला काहीतरी सांगतेय. कोण आहे ही? हिची आणखी गाणी कुठे मिळतील?”

“माझी ताई आहे,” तो म्हणाला. आणि त्याने कॅसेट काढून खिशात घातली.

पुढचे तीन दिवस त्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका आजोबांच्या कवळीत त्याने वरचे दात खाली बसवले आणि डॉक्टरांचा फोन आल्यावर त्याच्या लक्षात आलं. कॅसेट त्याने कामाच्या टेबलावर आणून ठेवली होती, आणि ते गाणं तो पुन्हापुन्हा ऐकत होता. चाळीसएक वेळा तरी ऐकलं असेल. त्याला ते पाठ झालं. आवडलं म्हणणं कमी पडेल. आपल्या सातही अल्बमांच्या क्रमात याच्या वर काय ठेवायचं, हे त्याला सुचेना.

पण त्याला खरं खात होतं ते वेगळंच. शिंका गाण्याच्या शेवटी होत्या. एकविसाव्या वर्षी, म्हणजे रोज त्या शिंका घरात ऐकत असताना, त्याने हे गाणं एकदा जरी शेवटपर्यंत ऐकलं असतं, तर त्याच क्षणी ताईला ओळखलं असतं. याचा अर्थ साधा होता. त्याने अर्धं मिनिट ऐकलं, बटण दाबलं आणि लिहायला बसला. गाणं आवडलं नाही म्हणून ते वाक्य लिहिलंच नव्हतं त्याने. वाक्य आधी सुचलं, छान होतं, म्हणून गाणं वाईट ठरलं.

आणि त्या सुमाराचं आणखी एक आठवत होतं. ताईच्या खोलीत काही महिने एक गिटार असायची, मैत्रिणीकडून आणलेली. ती एके दिवशी दिसेनाशी झाली. तेव्हा त्याला वाटलं होतं, बरं झालं, कपाटाचं दार आता नीट उघडतं.

बुधवारी दुपारी त्याने काम बंद केलं आणि ताईकडे निघाला. तिला दोन गोष्टी सांगायच्या हे त्याने पक्कं केलं होतं. एक, गाणं अप्रतिम आहे. आणि दुसरी, जी सांगणं अवघड होतं पण सांगायलाच हवी होती, ती ही की आपण ते कधी ऐकलंच नव्हतं. माफी मागायची तर याची मागायची. बसमध्ये तो हे मनातल्या मनात घोकत बसला. वाटेत त्याचा थांबाही चुकला.

ताई तिसऱ्या मजल्यावर राहायची. भावोजी आतल्या खोलीत झोपले होते. ताई जमिनीवर पाय पसरून जुन्या चादरी कापून त्यांची फडकी करत होती. बोर्डावर तीस वर्षं बसून तिची पाठ गेली होती, त्यामुळे ती भिंतीला टेकूनच बसायची.

“अरे, आज अवचित?” ती म्हणाली. “दात संपले की काय गावातले?”

तो समोर बसला. इकडचं तिकडचं बोलणं त्याला जमेना.

“ताई, ‘ज्याला यायचं’मधलं शेवटचं गाणं तुझं होतं?”

कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालायला लागली. “कळलं होय शेवटी? मला वाटलं होतं आठवडाभरात येशील ओरडत.”

“तुझा आवाज तसा नव्हता.”

“रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. टेप हळू फिरली, म्हणून लावल्यावर आवाज पळायला लागला. मला आधी रडू आलं. मग म्हटलं, उलट बरंच झालं की. तुला ओळखू येणार नाही.”

“पण का? सरळ सांगायचं ना.”

“सरळ सांगितलं असतं तर छान म्हणाला असतास.” ती हसली. “बारक्या, तुझ्या शर्टाला मी बाही उलटी शिवली होती, आठवतं? तीसुद्धा छान म्हणून घालून गेलास तू. माझ्या बाबतीत तुझ्या बोलण्यावर काय भरवसा ठेवायचा? पण त्या बँडच्या बाबतीत तू देवाचीही गय करायचा नाहीस. म्हणून कॅसेटच्या शेवटी जागा उरली होती तिथे घातलं. म्हटलं, परक्याचं म्हणून ऐकू दे.”

ती फडकं झटकून घडी घालू लागली. मग तिने बाकीचं सांगितलं, तेही सहज, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. ती रेकॉर्डीवाली मैत्रीण आणि आणखी दोघी मिळून मोठ्या शहरात जाणार होत्या, गाणी करायला. ताईला म्हणाल्या, तू चल. त्याच महिन्यात इस्पितळात पक्क्या नोकरीचं पत्र आलं होतं. तिने दोघांनाही आठ दिवस थांबा म्हणून सांगितलं. “मनात ठरवलं, बारक्याला आवडलं तर जायचं. नाही आवडलं तर बोर्डावर सही.”

“आणि मी ते वाचून दाखवलं.”

“जेवताना. मी पोटभर जेवलेही त्या दिवशी.”

“राग नाही आला तुला?”

“आला की. चांगला दोन-तीन वर्षं होता. मग लग्न झालं, पोरं झाली, रागाला वेळ कुठला?”

“आणखी गाणी होती?”

“अकरा. एक वही होती. ती कधी, कुठे गेली, मला आठवत नाही.”

आता सांगायला हवं, असं त्याने स्वतःला बजावलं. आधी पहिली गोष्ट सांगितली. रविवारची सगळी हकीकत, बंद केलेला पंखा, मास्तरीणबाईंचे दहापैकी नऊ गुण. ताईने कात्री खाली ठेवली.

“तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत होतं?”

“नाही. मी नंतर सांगितलं.”

“नेमकं काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांग.”

“बाकीची गाणी नुसती वाजतात, ही बाई आपल्याला काहीतरी सांगतेय.”

“पुन्हा सांग.”

त्याने पुन्हा सांगितलं. साठीला आलेली ती बाई कान टवकारून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते, जणू ते वाक्य ती कुठेतरी लिहून ठेवत होती. तिला इतकं खूष झालेलं त्याने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग हळूहळू तो आनंद तिच्या चेहऱ्यावरून ओसरला आणि ती विचारात पडली.

“मग तुला तसं का नाही वाटलं रे तेव्हा?” तिने विचारलं. त्यात राग नव्हता. रस्ता कुठे चुकला हे विचारावं, इतक्या साधेपणाने तिने विचारलं. “एक विचारू? खरं सांग. तू ते नीट ऐकलं होतंस ना? पूर्ण? कारण शेवटी बाबांच्या शिंका होत्या. त्या मला नंतर कळल्या, तेव्हा म्हटलं, आता नक्की ओळखणार. आणि तू ओळखलंच नाहीस. तेव्हापासून मधूनच मनात येतं माझ्या. बोर्डावर बसल्याबसल्यासुद्धा यायचं. याने ऐकलंच नसेल तर?”

हीच ती दुसरी गोष्ट. ती सांगायलाच तर तो दोन बस बदलून आला होता. आणि आता तिनेच ती त्याच्या समोर आणून ठेवली होती, नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे काय, हे त्याला तिच्याकडे बघताना दिसलं. तिची तीस वर्षं, ती गेलेली पाठ, ती वही, हे सगळं एका अर्ध्या मिनिटापायी गेलं, असं तिला तोंडावर सांगायचं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा श्वास अडकल्यासारखा झाला होता.

“ऐकलं होतं,” तो म्हणाला. “वीस-पंचवीस वेळा तरी ऐकलं असेल.”

“पूर्ण?”

“पूर्ण. माझ्या टेपचा एक स्पीकर गेला होता तेव्हा. शिंका ऐकू आल्या नसतील.”

“स्पीकर गेला होता होय,” ताई म्हणाली आणि तिने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. “मग ठीक आहे. पंचवीस वेळा ऐकूनही नाही आवडलं, तर नाही आवडलं. त्याला तू तरी काय करणार? त्या बाईंचा कान वेगळा, तुझा वेगळा.”

त्याला म्हणायचं होतं की मला आवडतं, मला पाठ आहे, म्हणून दाखवू का. त्याने तोंड उघडलंही. पण आता त्या म्हणण्याला काडीचीही किंमत नव्हती. आता ती कोण आहे हे त्याला माहीत होतं, आणि भावाचं ‘छान’ तिला चौतीस वर्षांपूर्वीही नको होतं. चुकून दिलेला निकाल त्याने आज समजून उमजून, तिच्या समोर बसून, कायम केला होता.

ताईने हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, लहानपणी थोपटायची तसं.

“तू निदान नीट ऐकलंस,” ती म्हणाली. “बाकी कुणी ऐकलंही नसतं.”